दुसऱ्या पाळीचा माणूस

प्रिय भाऊजी,

'भाऊजी' लिहून पुढं अरेतुरे करते, म्हणून हसू नकोस. मी या घरात आले तेव्हा तू अर्ध्या चड्डीत होतास, आणि पहिल्याच दिवशी माझ्या कोऱ्या चपला पायात घालून गल्लीभर मिरवून आला होतास. अशा माणसाला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही. पत्र लिहितेय कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'सगळं छान, वहिनी, खूप काम आहे, ठेवतो,' एवढं एका दमात म्हणतोस आणि ठेवतोस. आता बघू कसा ठेवतोस ते. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे घाबरून शेवटचं पान पहिलं वाचणार नाहीस. मालकांनी आपल्या काचकारखान्याची भट्टी विझवायचं ठरवलंय. दादा तिच्यापाशी बसून आहे आणि घरी येत नाही. तब्येत बरी आहे, जेवतो, माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवतो. पण येत नाही.

आता घरचं सांगते. बुटकी, तूच नाव ठेवलेली, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय आणि दारातून येताना वाकायचं नाटक करते. कॉलेज चालू आहे, ते मी बंद पडू देणार नाही, मग मला काही करावं लागो. दादाचा पगार निम्मा झाला त्या दिवशी त्यानं आम्हा दोघींना समोर बसवलं आणि जाहीर केलं, की आजपासून भट्टीसारखं घरसुद्धा धुगधुगीवर. मी म्हटलं, म्हणजे काय, जेवायचं नाही? तर म्हणाला, जेवायचं, पण फुगायचं नाही. मग आम्ही फ्रिज बंद केला, आणि बुटकीनं त्यात पुस्तकं लावली. वरच्या कप्प्यात अर्थशास्त्र, आणि अंड्यांच्या खळग्यांत पेन्सिली. कुणी सवयीनं पाण्यासाठी फ्रिज उघडला की आम्ही मायलेकी हसून लोळायचो. आता लोक येतात, पण पाणी प्यायला येत नाहीत. ते पुढं सांगते.

मी चौकातल्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. तुला कुणी सांगितलं नसेल, मीच बुटकीला बजावलं होतं. हात भाजतात थोडे, पण काचेच्या घरातली सून मी, भाजण्याला कुठली भिते? त्रास त्याचा नाहीच. हॉटेल अर्धं रिकामं असतं, त्यामुळं चादरी कमी आणि बायका जास्त. रोज सकाळी मुकादमीण दारात उभी राहते आणि बोट दाखवते, तू, तू आणि तू. उरलेल्या डबा घेऊन परत घरी. माझ्याकडे अजून बोट वळतंय. वळलं की शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडे मला बघवत नाही. आत गेल्यावर तिच्या रिकाम्या टेबलाजवळून जावं लागतं. मी लांबून जाते. का, ते मला दादामुळं कळलं, म्हणून हे सगळं लिहितेय.

ज्या दिवशी तू कारखाना सोडलास त्या दिवसाबद्दल आपण तिघांनी कधी तोंड उघडलं नाही. आज मी उघडते. मंदीनं मागणी बसली, बरण्यांच्या थप्प्या गोदामात पडून राहिल्या आणि मालकांनी सांगितलं, एका घरातला एकच माणूस राहील, तुम्ही भाऊ-भाऊ ठरवून सांगा. दादा घरी आला तो ठरवूनच आला होता. तू राहायचंस, तो जाणार. मला म्हणाला, माझं काय, मी कुठंही हातपाय हलवीन, त्याचं अजून सगळं आयुष्य जायचंय. आणि इकडं तू लबाडा परस्पर ऑफिसात जाऊन सही करून मोकळा झालास! दादा तुझ्यावर असा ओरडला, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. तू आपला हसत होतास. म्हणालास, अरे दादा, भट्टी पुन्हा जोरात आली की पहिलं बोलावणं मलाच येणार, दुसरी पाळी माझीच आहे, तोवर जागा धरून ठेव. तू ते त्याला गप्प करायला म्हणालास, मला ठाऊक आहे. तू काम शोधायला शहराला निघालास तेव्हा बस सुटेपर्यंत तुझा हसरा चेहरा मी बघत होते आणि वळणावर तो कसा पडला तेही मी बघितलं. पण दादानं तुझा शब्द धरून ठेवला.

भट्टीचं तुला मी काय सांगायचं, तू तिच्या तोंडाशी मोठा झालास. तरी डबा घेऊन जाणाऱ्या बाईला जेवढं समजलं तेवढं सांगते, चुकलं तर हस. ती एकदा पेटली की विझवायची नसते. गार झाली तर आतली काच घट्ट होते आणि तिच्याबरोबर विटा तडकतात, मग ती भट्टी कामातून गेलीच. म्हणून माल काढायचा नसला तरी थोडा गॅस चालू ठेवून नुसती जिवंत ठेवायची, त्याला तुम्ही धुगधुगी म्हणता. एवढ्या मोठ्या कारखान्यात त्यासाठी तीनच माणसं ठेवली होती. दादाला वाटायचं, ती जिवंत आहे तोवर उद्या मागणी आली तर सगळ्यांना बोलावता येईल. सगळ्यांना म्हणजे तुला. तो माझ्याशी हे बोलला नाही कधी, पण बाजारभाव पडल्याची बातमी लागली की तुझा फोटो पुसायला घ्यायचा.

आणि तुमचं ते 'आहे'! लग्न झाल्यावर पहिल्यांदा डबा घेऊन गेले तेव्हा मला ते केवढं गमतीचं वाटलं होतं. पहिल्या पाळीचा माणूस निळी काच डोळ्याला लावून भोकातून आत बघणार आणि म्हणणार, 'आहे.' मग दुसऱ्या पाळीचा आपल्या डोळ्यानं बघणार आणि म्हणणार, 'आहे.' दुसरं 'आहे' ऐकल्याशिवाय पहिल्यानं हलायचं नाही, मग घरी आग लागलेली का असेना. बाबांनी तुम्हा दोघांना तेच शिकवलं होतं. दादाची पहिली आणि तुझी दुसरी. घरी भांडून अबोला धरलात, तरी तिथं तो एक शब्द एकमेकांशी बोलायलाच लागायचा. मी म्हणायचे, कसले भाऊ रे हे, दिवसभरात एक शब्द बोलतात आणि तोही भट्टीबद्दल.

तू गेल्यावर दादा घरी आला की आधी गॅलरीच्या दाराशी जायचा. तुझी खाट तिथंच आहे, मी गादी गुंडाळून ठेवलीय. दारातून डोकं आत घालायचा, बघायचा आणि म्हणायचा, 'आहे.' मला वाटलं खाटेबद्दल म्हणतोय, कुणी नेली तर नाही म्हणून. पहिल्यांदा मी थट्टा केली, की खाटेला काय पाय फुटणार आहेत? तो हसला नाही. दारात तसाच उभा राहिला, कान देऊन. थोड्या वेळानं हात धुवायला गेला. मग रोज तसंच. बुटकीला विचित्र वाटेल म्हणून त्या वेळी मी रेडिओ मोठा करायचे. एक दिवस रेडिओ बिघडलेला, घरात आवाज नाही. तो म्हणाला 'आहे', आणि वाट बघत राहिला, आणि माझ्या तोंडातून उत्तर निघता निघता राहिलं. अंगावर काटा आला रे माझ्या. भरदुपारी.

तिघांतला एक रखवालदारीची नोकरी लागली म्हणून गेला. मग दादा आणि मिस्त्रीकाका दोघंच राहिले. बारा तास हा, बारा तास तो. पगार कधी यायचा, कधी नाही. काकांचे डोळे अधू झाले होते, तरी आपली निळी काच लावून नेमानं 'आहे' म्हणायचे. दादा म्हणायचा, त्यांना दिसत नाही, पण अंगाला आच लागते तेवढी पुरे. त्यांना त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. मी तेव्हा डबा घेऊन तिथंच होते. काकांनी जाताना दादाचा हात धरून 'आहे' म्हटलं आणि दादानंही म्हटलं. काका सुटले. दादा आत राहिला, आणि त्याला सोडवायला पुढं कुणी नव्हतं. हे त्या वेळी मला कळलंच नाही. मला वाटलं संध्याकाळी येईल घरी. मी त्याच्या आवडीची भाजीसुद्धा चिरून ठेवली होती.

तेव्हापासून मी रोज जाते डबा घेऊन. तो कारखाना आता बघवत नाही, पण तुला सांगायलाच हवं. फुंकण्या भिंतीला ओळीनं टेकवलेल्या, साच्यांवर धूळ, आणि मधोमध ती, तांबडी, घूं घूं करत. तुमच्या प्रत्येकाची उभं राहायची जागा होती ना, पायांनी झिजून फरशीत खळगे पडलेत, ते तसेच दिसतात. एक दिवस मी आत शिरले, तसा दादा माझ्याकडे यायला निघाला. सरळ आला असता तर चार पावलं. पण तो एका खळग्यापाशी थांबला, अंग चोरून बाजूनं आला, पुढं पुन्हा वळसा घेतला. गरम काच घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जशी वाट देतात तशी तो प्रत्येकाला वाट देत होता. तुझ्या जागेपाशी तर खांद्यावर हात ठेवल्यासारखा हात हवेत गेला, आणि म्हणाला, 'आलो रे.' तिथं कुणी नव्हतं, भाऊजी. मी ओरडणार होते, की अहो, भान आहे का? तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मी स्वतःसुद्धा डबा पोटाशी धरून त्याच रस्त्यानं, वळसे घेत आत आले होते.

तुझी निळी काच तो वापरतो. तू बांधलेला लाल दोरा आहे अजून तिला. स्वतःची कुठंतरी ठेवून दिलीय. एकदा मी हट्टानं ती मागून घेतली आणि भोकातून बघितलं. इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं ज्वाळा दिसतील. पण आत काही हलत नव्हतं, नुसता निळसर उजेड साचलेला, आणि बघता बघता वाटायला लागलं की आतूनच कुणीतरी माझ्याकडे बघतंय. मी धीर केला आणि मोठ्यानं म्हटलं, 'आहे.' म्हटलं, चला आता, झालं ना, सुटलात, घरी चला. दादानं माझ्या हातातून काच काढून घेतली, माझ्या गालाला लागलेली काजळी आपल्या बाहीनं पुसली आणि म्हणाला, तू दुसऱ्या पाळीची नाहीस गं.

आणि आता मालकांनी जागा विकलीय. घेणाऱ्याला ती रिकामी आणि गार हवी. ती तशी हातात आली की तो पैसे देणार, आणि त्यातून सगळ्या जुन्या कामगारांची देणी फिटणार. तुझीही त्यात आहेत. मालकांनी दादाला समजावलं. दादानं हात जोडून सांगितलं, साहेब, विझवा की, मी कुठं अडवतोय? फक्त माझी पाळी सुटू द्या. मालक म्हणाले, सुटली, मी सांगतो. तर म्हणतो कसा, तुमच्या सांगण्यानं सुटत नाही साहेब, पुढचा माणूस यावा लागतो. मग त्यांनी एक इंजिनिअर पाठवला. त्या बिचाऱ्यानं भोकातून बघितलं, 'आहे'सुद्धा म्हणाला. दादानं त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, तुम्ही काच न लावता बघितलंत, तुम्हाला उजेडापलीकडं काही दिसलं नसणार. इंजिनिअर डोळे चोळत परत गेला.

म्हणून आता लोक घरी येतात. तुमच्याबरोबर उभे राहिलेलेच सगळे. आधी प्रेमानं आले, की वहिनी, त्याला समजवा, आमच्या घरात चूल पेटायची पंचाईत झालीय. काल आले ते बसले नाहीत. साचेवाला, ज्याच्या लग्नात तू नाच नाच नाचलास, तो म्हणाला, एका माणसाच्या वेडापायी आम्ही सगळ्यांनी मरायचं का? तो चुकीचं बोलला असं मला म्हणता येत नाही. त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली मला दिसत होती. मालक पुढच्या सोमवारी पोलीस घेऊन येणार आहेत. दादाला दंडाला धरून बाहेर काढतील आणि मागं कुणीतरी गॅस बंद करेल. विटा तडकल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो म्हणे. तो आवाज त्यानं रस्त्यावर उभं राहून ऐकला, तर माझ्या हाती माझा माणूस परत येणार नाही, नुसतं त्याचं शरीर येईल. मला याची भीती वाटते. फार भीती वाटते.

बुटकी म्हणते, आई, बाबांना डॉक्टरकडे नेऊ. नेईन गं, पण डॉक्टर काय सांगणार? तो वेडा नाही. मला इस्त्रीच्या चटक्यांवर लावायला मलम आणून ठेवायला सांगतो, बुटकीच्या परीक्षेची तारीख त्याला पाठ आहे, परवा मालकांची नक्कल करून मला हसवलं. सगळं ठीक बोलतो आणि मग दाराकडे बघतो. दुसऱ्या पाळीच्या वेळेला उठतो, तोंड धुतो, केस सारखे करतो. माणूस येणार असल्यासारखा.

आता हे पत्र का लिहिलं ते. पॅकिंगमधली मावशी तुझ्या शहरात तिच्या लेकाकडे गेली होती. लेकाला कुठं चिकटवता येईल का बघावं, म्हणून तुझं नाव घेऊन ती, तू कामाला आहेस म्हणतोस त्या गोदामावर गेली. शटर खाली, आणि कुलपाला गंज चढलेला. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, हे तर केव्हाच बंद पडलं. मावशी मला एकटीला गाठून हे बोलली आणि वर म्हणाली, पोराला रागावू नकोस. मी कशाला रागावू? त्याच रविवारी तू फोनवर म्हणालास, खूप काम आहे वहिनी, सुट्टीच मिळत नाही. अरे मेल्या, तुझ्या फोनमागं तुझ्या मोटारसायकलचा आवाज येत नाही किती दिवस झाले, मला काय कळत नाही? ती विकून तू आम्हाला पैसे पाठवलेस, आणि मी ते बुटकीच्या फीला भरले. तू तिथं बंद शटर धरून बसलायस, दादाला वाईट वाटू नये म्हणून. तो इथं भट्टी धरून बसलाय, तुझी जागा जाऊ नये म्हणून. दोघंही एकमेकांची राखण करताय आणि मधे मी डबे पोचवतेय. आता पुरे झालं. ये. भेटवस्तू नको, खोटी नोकरी नको, रिकाम्या हातानं ये, पण सोमवारच्या आत ये. आधी घरी येऊ नकोस, सरळ त्याच्याकडे जा. तुझी निळी काच त्याच्या हातातून घे, भोकातून बघ, आणि त्याला ऐकू जाईल असं म्हण, 'आहे.' एवढंच म्हण. मग तो सुटेल. तो सुटल्यावर भट्टी तू तुझ्या हातानं बंद कर, ती तुझ्या पाळीत विझू दे, त्याच्या नको. गॅलरीतली गादी मी आज उन्हात टाकलीय. मी दारात चपलांकडे लक्ष ठेवून असेन. दादाच्या चपलांशेजारी तुझ्या दिसल्या, की त्या दिवशी माझ्या तोंडात राहिलेलं उत्तर मी देईन.

वाट बघणारी, तुझीच,
वहिनी